महागड्या घड्याळाचा पुनर्विक्रीचा भाव बघत राहावा का? खान्देशातल्या हौशी लोकांचे नेहमीचे प्रश्न

जळगावात सकाळचा चहा होण्याआधी सोन्याचा भाव मोबाइलवर येऊन पडलेला असतो. रावेर-यावलकडे केळीचा, पुढे मोसमात कापसाचा. अशा मुलखात कुणाच्या मनगटावर रोलेक्स किंवा ओमेगा दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय भाव शे?" लग्नाच्या पंगतीत, सराफाच्या गादीवर आणि भुसावळच्या फलाटावर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत.

भाव बघावा की नाही, एका वाक्यात सांगा.

बघावा, पण काम असेल तेव्हा: घेताना, विकताना, अदलाबदल करताना, विमा उतरवताना आणि घरच्यांसाठी नोंद ठेवताना. एरवी वर्षातून एकदा-दोनदा पुरे. ज्याला रोज बघायचाच आहे त्याने सोन्याचं बिस्कीट घ्यावं. ते मोडायला सोपं, आणि त्याला सर्व्हिसिंग लागत नाही.

सोन्याचा भाव आम्ही रोज बघतो. घड्याळाचा बघितला तर बिघडलं काय?

सोन्याचा भाव सगळ्यांच्या सोन्याला लागू असतो. टंच कळला, वजन कळलं, घट वजा केली की तुमचं आणि शेजाऱ्याचं सोनं एकाच हिशोबात बसतं. घड्याळात हे चालत नाही. एकच मॉडेल नंबर असलेल्या दोन घड्याळांत कधी कधी लाखाचा फरक पडतो, आणि तो फरक मोबाइलवरच्या आलेखात दिसत नाही.

उदाहरण घ्या. रोलेक्स सबमरीनरचं १६६१० हे स्टीलचं मॉडेल १९८०च्या दशकाच्या शेवटापासून २०१० पर्यंत बनत होतं. वीस वर्षं नंबर तोच, पण आतबाहेर बदल होत गेले. १९९८च्या आसपासपर्यंत डायलवर ट्रिशियम असायचं, नंतर दुसरा चमकणारा पदार्थ आला. जुन्या डायलच्या तळाशी, सहाच्या जागेखाली, बारीक अक्षरात 'स्विस' या शब्दाच्या बाजूला ट्रिशियमची खूण सापडते. अंधारात ते डायल आता जवळजवळ विझलेलं असतं आणि ठिपके सायीसारखे पिवळसर झालेले असतात. आधीच्या केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या) कानांत, म्हणजे पट्टा अडकतो त्या लगमध्ये, आरपार भोकं आहेत. नंतरच्या केसला नाहीत. आता एक घड्याळ पिवळसर ठिपक्यांचं, भोकांचं, कधीच बफ न मारलेलं आणि मूळ कार्डासकट आहे. दुसरं त्याच नंबरचं, पण सर्व्हिसमध्ये डायल बदललेलं, कडा गोल झालेल्या, कागद गायब. या दोघांना '१६६१०चा आजचा भाव' असा एकच आकडा लावणं म्हणजे २२ कॅरेट आणि बेन्टेक्स एकाच तागडीत घालणं.

म्हणून रोज भाव बघणाऱ्याला आपल्या घड्याळाबद्दल फारसं काही कळत नाही. बाजाराचा मूड कळतो, एवढंच.

मग भाव बघायचाच तर कुठे बघू?

बहुतेक जण क्रोनो२४ ही घड्याळविक्रीची वेबसाइट उघडतात आणि सगळ्यात वरचा आकडा पाठ करून येतात. तो आकडा विक्रेत्याने मागितलेला असतो, मिळालेला नसतो. आपल्याकडे प्लॉटचंही असंच आहे: रिंगरोडला अमुक भाव चालू आहे असं सगळे सांगतात, आणि खरेदीखत होतं तेव्हा आकडा वेगळाच असतो.

मिळालेली किंमत बघायची तर लिलावाचे निकाल बघा. फिलिप्स, ख्रिस्टीज, सदबीज ही लिलावघरं निकाल जाहीर करतात. तिथेही एक मेख आहे. छापलेल्या किमतीत खरेदीदाराने लिलावघराला दिलेलं कमिशन धरलेलं असतं, आणि ते साधारण पाव हिश्श्याच्या घरात जातं. विकणाऱ्याचं कमिशन पुन्हा वेगळं कापलं जातं. म्हणजे वर्तमानपत्रात १०० दिसले तर विकणाऱ्याच्या खिशात ८० किंवा त्याहून कमी गेले असं धरून चाला.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खरा. मुंबई-पुण्याच्या दोन-तीन जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांना विचारायचं, "आज आणून दिलं तर रोख किती द्याल?" तो आकडा ऐकून तोंड कडू होतं. तरीही तुमच्या घड्याळाची आजची किंमत तीच.

२०२१-२२ मध्ये सगळे सांगत होते की घड्याळ म्हणजे शेअरपेक्षा भारी. काय झालं त्याचं?

पाटेक फिलिपने २०२१च्या सुरुवातीला नॉटिलस ५७११ बंद करत असल्याचं जाहीर केलं. हे मूळ डिझाइन जेराल्ड जेन्टाचं, १९७६चं. त्याच माणसाने त्याआधी १९७२ मध्ये ऑडेमार पिगेची रॉयल ओक काढली होती. बातमी आली आणि स्टीलचं हे घड्याळ छापील किमतीच्या कित्येक पट दराने फिरू लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टिफनीच्या निळ्या डायलचं ५७११ (फक्त १७० नग बनलेलं) लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं. पैसा स्वस्त होता, लोक घरात बसले होते, क्रिप्टोवाल्यांच्या हातात नवा पैसा होता. २०२२च्या पहिल्या काही महिन्यांत भाव शिगेला पोचले. मग व्याजदर वाढले, क्रिप्टो आपटलं आणि घड्याळांचे भाव महिनोन्‌महिने उतरत राहिले.

सगळ्यात जास्त पोळले ते शिखरावर घेणारे. 'अजून चढणार' म्हणत छापील किमतीच्या दुपटी-तिपटीने त्यांनी घेतलं. त्यांचा भाव बघण्याचा नाद अजिबात कमी नव्हता. रोजचा आलेख बघूनच ते भुलले. ज्याने कंपनीच्या दुकानातून छापील किमतीला घेतलं होतं आणि हातात घालून फिरत होता, त्याला आलेख वर गेल्याचं सुख नाही आणि खाली आल्याचं दुःख नाही.

कुठल्या घड्याळाचा भाव टिकतो?

थोड्यांचाच. रोलेक्सची स्टीलची खेळातली मॉडेलं, पाटेक आणि ऑडेमार पिगेची निवडक मॉडेलं, आणि काही छोट्या स्वतंत्र घड्याळजींची कामं. बाकी बहुतेक महागडी घड्याळं दुकानाच्या पायरीवरून उतरली की किंमत गमावतात, काही तर अर्ध्यावर येतात. ती वाईट असतात असं नाही. उलट दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला त्यातच खरी मजा आहे: तीन-चार वर्षं जुनी, बिलासकट, छान ठेवलेली ओमेगा किंवा लाँजिन घ्या आणि पहिल्याचं नुकसान आपल्या पथ्यावर पाडा.

फॅशन ब्रँडचं नाव असलेली क्वार्ट्‌झ घड्याळं आणि दुकानदाराने नंतर हिरे बसवून दिलेली घड्याळं, यांच्या पुनर्विक्रीचा विचारच करू नका. कंपनीबाहेर बसवलेले हिरे तर किंमत कमी करतात. पार्टीत चमकतील, विकताना रडवतील.

सोन्याच्या केसचं घड्याळ आहे. सराफाकडे नेलं तर तो वजनावर घेतो म्हणतो. द्यावं का?

हा अगदी आपल्याकडचाच प्रश्न. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं तसा तो जास्तच ऐकू येऊ लागला. सराफ लबाडी करत नाही, तो त्याचं काम करतो. त्याच्या लेखी मशीन, काच, काटे हा कचरा. केस तोलायची, टंच काढायचा, घट धरायची, पैसे द्यायचे. स्विस सोनं बहुधा १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के. चामडी पट्ट्याच्या जुन्या घड्याळात सोनं फक्त केसमध्ये, आणि तीही पातळ. हातात येणारा आकडा कानाला गोड लागतो, पण एकदा भट्टीत गेलेलं घड्याळ पुन्हा घड्याळ होत नाही. या मार्गाने किती तरी चांगल्या जुन्या सोन्याच्या केस वितळल्या. त्यांचं मशीन मात्र एखाद्या कारागिराच्या डबीत कापसात गुंडाळून पडलेलं सापडतं.

आधी घड्याळाच्या जाणकाराला दाखवा. घड्याळ म्हणून आलेली किंमत सोन्याच्या किमतीपेक्षा कमी असेल, तरच पुढचा विचार करा. अगदी साध्या, खराब झालेल्या घड्याळात असं होऊ शकतं, मी नाकारत नाही.

आणि मागचं झाकण नीट वाचा. 'वीस मायक्रॉन' लिहिलं असेल तर ते सोन्याचं नाही, सोन्याचं पाणी आहे.

बिल, डबा, कार्ड नाही. फरक पडतो?

पडतो. नवीन घड्याळाला जास्त, पन्नास वर्षं जुन्याला कमी. वॉरंटी कार्डावरचा नंबर केसवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. नुसता डबा कुठेही विकत मिळतो, म्हणून डब्यावर भाळू नका. सर्व्हिसिंगच्या पावत्याही ठेवा, त्यात बदललेल्या भागांची नोंद असते. बदललेला मूळ भाग सर्व्हिसवाल्याकडून परत मागून घ्या. जुना काटा, जुनी चावी, जुनं डायल, काहीही. तो प्लॅस्टिकच्या पुडीत घालून डब्यात टाका; पुढे घेणारा त्याचे पैसे देतो.

दुबईहून भावाने हातात घालून आणलेल्या घड्याळाचं काय? कस्टमला दाखवून शुल्क भरलं असेल तर त्याची पावती हेच तुमचं कार्ड. भरलं नसेल तर विकताना समोरचा विचारेलच, आणि उत्तर देताना तुमची पंचाईत होईल.

विकण्याआधी पॉलिश करून घ्यावं का?

अजिबात नको. दागिना विकायला नेताना उजळून नेतात, त्या सवयीने लोक घड्याळालाही बफ मारतात. केसच्या कानांवर कारखान्याने काढलेली तिरकी, आरशासारखी पट्टी असते आणि तिच्या शेजारी बारीक रेघांचा खरखरीत भाग. दोन्ही जिथे मिळतात ती धार नखाला टोचली पाहिजे. दोनदा बफ झालं की ती धार साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. चरे राहू द्या. चऱ्यांना गिऱ्हाईक मिळतं, झिजलेल्या केसला मिळत नाही.

आजोबांचं एचएमटी किंवा वेस्ट एंड आहे. त्याला किंमत आहे का?

भुसावळ हे रेल्वेचं गाव. तिथल्या घराघरांत कपाटाच्या कप्प्यात एखादं जुनं चावीचं घड्याळ निघतंच. वेस्ट एंड, फाव्र-ल्युबा आणि मग एचएमटी. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करायचं ठरवलं. बंद झाल्यावर जनता, पायलट, कोहिनूर यांची मागणी वाढली, आणि मागणीबरोबर रिडायलवालेही वाढले. मुंबईत जुन्या मशीनवर नवं रंगीत डायल चढवून विकायचा मोठा धंदा आहे. परदेशी संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात.

ओळखायचं कसं? भिंग घ्या. मूळ डायलवरची अक्षरं रेखीव, एकसारख्या जाडीची असतात. रिडायलची फुगलेली, शाई पसरल्यासारखी. देवनागरी 'जनता'ची शिरोरेषा तपासा, ती सरळ आणि अखंड हवी. चाळीस वर्षांच्या घड्याळाचं डायल कोरं करकरीत आणि काटे मात्र काळे पडलेले असतील तर शंका घ्या. केशरी, पोपटी, जांभळं पायलट दिसलं तर शंका घेण्याचीही गरज नाही.

अशा घड्याळांचा भाव हजारांत जातो, लाखांत नाही. निवृत्तीला मिळालेल्या घड्याळाच्या पाठीवर आबांचं नाव आणि तारीख कोरलेली असेल तर विकताना उलट थोडे कमी येतात. (हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याच्या रोलेक्स डेटोनाच्या पाठीवर बायकोने 'सांभाळून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून दिले होते. ते घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. आपले आबा हॉलिवूडमध्ये नव्हते, त्याला इलाज नाही.) नाव घासून काढू नका. घासलेली पाठ आणखी कमी किमतीला जाते, आणि घरात बोलणी बसतात ती वेगळी.

मोठ्या लिलावघरातून घेतलं की अस्सल असतंच ना?

बहुधा असतं. तरी २०२१ चं ओमेगाचं प्रकरण लक्षात ठेवा. १९५७ सालची म्हणून एक स्पीडमास्टर जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या पुढे गेली. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी माणसांचा हात होता. बनवणाऱ्यालाच आपला माल ओळखता आला नाही, तर तुम्ही-आम्ही फोटो बघून आठ लाख पाठवणं किती शहाणपणाचं? आणि त्या विक्रीनंतर तशा जुन्या स्पीडमास्टरचे भाव ज्यांनी त्या आकड्यावरून ठरवले, त्यांचा हिशोब कशावर उभा होता तेही बघा.

टॅक्सचं काय? घड्याळ विकून फायदा झाला तर भरावा लागतो?

स्वतःच्या वापरातलं साधं स्टीलचं घड्याळ वैयक्तिक वापराची वस्तू धरलं जातं आणि त्याच्या विक्रीवरच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. तोटा झाला तर तोही दाखवता येत नाही. पण दागिने या सवलतीत बसत नाहीत, म्हणून सोन्याच्या किंवा हिऱ्यांच्या घड्याळात वाद होऊ शकतो. आणि डझनभर घड्याळं डब्यातच ठेवून, भाव लिहीत, घेत-विकत बसलात तर 'वैयक्तिक वापर' म्हणणं अवघड जाईल. म्हणजे भाव बघण्याची तुमची वहीसुद्धा उद्या तुमच्याविरुद्ध बोलू शकते. सीएला आधी विचारा.

२२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरचं मनगटी घड्याळ विकत घेताना विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वसूल करतो. तो रिटर्न भरताना तुमच्या खात्यात धरला जातो, म्हणून पॅन बरोबर द्या.

रोखीत व्यवहार चालेल?

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. "भाऊ, कापसाचे पैसे आलेत, रोखच देतो" असं कुणी कितीही प्रेमाने म्हणालं तरी बँकेतूनच घ्या.

स्विस घड्याळं स्वस्त होणार म्हणतात. माझ्या घड्याळाचा भाव पडेल का?

स्वित्झर्लंड ज्या गटात आहे त्या एफ्टा देशांशी भारताचा झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरचं २० टक्के मूळ आयात शुल्क काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे. १८ टक्के जीएसटी राहतोच. दुसऱ्या बाजूला कंपन्या दरवर्षी किमती वाढवतात आणि फ्रँकसमोर रुपया घसरत आला आहे, त्यामुळे दुकानातली पाटी खरंच किती खाली येईल ते याच तिन्हींवर ठरेल. सहज मिळणाऱ्या मॉडेलला झळ जास्त बसेल, कारण नवं स्वस्त झालं की जुनं कोण महाग घेणार? ज्याला दुकानात वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं, त्याला कमी. भाव बघण्यासाठी हे एक रास्त कारण आहे: लवकरच विकायचं ठरलेलंच असेल तर उगाच लांबवू नका.

विम्यासाठी कुठला आकडा द्यायचा?

आज तेच घड्याळ परत घ्यायला किती लागतील तो. दहा वर्षांपूर्वीच्या बिलाचा आकडा दिलात तर चोरीनंतर तेवढ्यात पट्टाही येणार नाही. मूल्यांकनाचा दाखला घ्या, दोन-तीन वर्षांनी नवा करा, घराच्या विम्यात घड्याळाचा नंबरासह वेगळा उल्लेख आहे का ते पॉलिसीत वाचा.

आपल्याकडच्या उन्हाने किंमत कमी होते?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नका, रबरी सील सुकतात, मशीनमधलं तेल जागा सोडतं, क्वार्ट्‌झची बॅटरी गळू शकते. चामडी पट्टा घामाने दोन उन्हाळ्यांत कुजतो. मूळ पट्टा काढून ठेवा आणि नायलॉनचा चढवा. जिनिंगमध्ये काम असेल तर संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. जुनं घड्याळ घालून कूलरच्या टाकीत हात घालू नका, मागे काहीही लिहिलेलं असो.

वहीत नेमकं काय लिहू?

मॉडेल नंबर, सिरियल नंबर, कधी आणि कुणाकडून घेतलं, किती दिले, सर्व्हिसिंगच्या तारखा आणि खर्च. सर्व्हिसिंगचा खर्च बहुतेक जण विसरतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि दिवाळीला एकेक आकडा लिहा, तो व्यापाऱ्याने देऊ केलेला रोख आकडा असावा. घड्याळाचे पाठीचे, कडेचे, डायलचे फोटो काढून ठेवा.

घरच्यांना खरी किंमत सांगावी का?

सांगावी, निदान एकाला तरी. पोरगं मुंबईला आणि घड्याळं जळगावच्या कपाटात, असं असेल तर पुढे कुणीतरी ती किलोवारी भंगारात किंवा पहिल्या येणाऱ्याला पाच हजारांत देऊन टाकतं. वहीच्या पहिल्या पानावर कोणतं विकायचं नाही, कोणतं विकलं तरी चालेल आणि कुणाला विचारून विकायचं, ते लिहून ठेवा. बायकोला खरेदीची किंमत कमी सांगून आजची किंमत जास्त सांगणारे बरेच आहेत. त्यांचा नफा कागदावर फार मोठा दिसतो.